खुलासा: ‘रोज एक रुपया, सैन्याला शस्त्रं’ हा मेसेज चुकीचा

पहलगामच्या हल्ल्यानंतर (२२ एप्रिल २०२५) पुन्हा पसरलेला हा जुना मेसेज कोल्हापुरातल्या तालमींच्या आणि गल्लीच्या ग्रुपवर अजून फिरतोय: मंत्रिमंडळानं शस्त्रखरेदीसाठी खातं उघडलंय, रोज एक रुपया भरा.

असा निर्णय झालेला नाही. संरक्षण मंत्रालयानं एप्रिल २०२५ मध्येच हा मेसेज दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलंय. शस्त्रं अर्थसंकल्पातून येतात; २०२५-२६ ची संरक्षण तरतूद ६.८१ लाख कोटींची होती.

जवानांसाठीचा सरकारी कल्याण निधी मात्र खरा आहे, आणि घोळ नेमका तिथंच होतो. तो लष्करी कारवाईत शहीद किंवा गंभीर जखमी झालेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी आहे, बंदुकांसाठी नाही. मेसेजमधला खात्याचा तपशील चुकीचा असल्यानं ऑनलाइन पैसे परत येतात. काही मेसेजमध्ये सिंडिकेट बँकेचं नाव दिसेल. ती १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि ‘एसवायएनबी’नं सुरू होणारे तिचे आयएफएससी कोड जुलै २०२१ पासून बंद आहेत.

मदत करायचीच असेल तर (घराघरांतून जवान देणाऱ्या सैनिक टाकळी गावाच्या जिल्ह्यात ते वेगळं सांगायला नको) खातं क्रमांक मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. जुना मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.