बोटांच्या ठशांवरून पोराची बुद्धी मोजणाऱ्यांना

आज दुपारी बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्याचा रिपोर्ट पाठवला. गुळगुळीत कागद, रंगीत गोल आणि त्यात पोराचा मेंदू टक्क्यांनी वाटलेला. ‘तार्किक-गणिती बुद्धी : अल्प.’ खाली सल्ला, विज्ञान शाखा टाळावी. पोरगं सहावीत आहे! शाळेत कुणी कंपनीवाले आले, दहाही बोटांचे ठसे घेतले, तीन हजार रुपये घेतले आणि हे हातात दिलं. मागोमाग बहिणीचा फोन. “दादा, मना पोऱ्या डोकामा कमी शे का?” तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

या पोराला मी ओळखतो. सुट्टीत तो आईबरोबर चोपड्याकडच्या आठवडे बाजारात मिरची-भेंडी घेऊन बसतो. उन्हाळ्यात एकदा ऐन गर्दीत त्यांची छोटी मापं गहाळ झाली, उरलं फक्त किलोचं. समोर गिऱ्हाईक पावशेर मिरची मागतंय. बहीण शेजाऱ्याकडे माप मागायला उठली तर हा म्हणाला, थांब. किलोभर मिरची तोलली, माप काढून बाजूला ठेवलं आणि तीच मिरची दोन्ही पारड्यांत वाटत गेला, काटा मधोमध येईपर्यंत. अर्धा किलो झाला. त्या अर्ध्याचे पुन्हा तसेच दोन वाटे. झाली पावशेर. मग तेवढ्याच वजनाची रेती पिशवीत भरून गाठ मारली आणि बाजार उठेपर्यंत ते माप चालवलं. शिक्का नसलेलं माप वापरू नये, मान्य. पण त्याला हे कुणी शिकवलं होतं?

कार्ल डंकर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते लोकांना मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी देत आणि मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगत. खोकं रिकामं करून भिंतीला टाचलं की त्यावर मेणबत्ती उभी राहते. पण पुष्कळांना ते सुचत नसे, कारण खोकं म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू हेच डोक्यात पक्कं बसलेलं. वस्तूचा ठरलेला उपयोग बाजूला सारून तिच्याकडे नव्याने बघणं ही समस्या सोडवण्यातली खरी अवघड पायरी. तागडीला माप लागतंच, हे आम्ही सगळे मोठे धरून बसलो होतो. दोन बाजू सारख्या करणं हे तिचं मूळ काम त्या पोराला दिसलं. आणि रिपोर्ट म्हणतो, तर्क अल्प!

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या 5 मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांचे हिशेब 98 टक्के बरोबर. तीच गणितं नुसती आकड्यांत कागदावर मांडून दिली तर जेमतेम 37 टक्के. मुलं तीच होती. आपल्या बाजारात बसून बघा, निराळं काही दिसणार नाही. माझा भाचा वहीतल्या अपूर्णांकांना घाबरतो. पारड्यात मात्र त्याने अर्ध्याचा अर्धा करून दाखवला.

या रिपोर्टात ‘बहुविध बुद्धिमत्ता’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांची, 1983 सालची. तिच्यावरही बऱ्याच मानसशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, ते असोत. पण तिच्यात बोटांच्या ठशांचा संबंध कुठून आला? ठसे आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर तसेच राहतात. विचार करणं मात्र पोरगं रोज शिकतं. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलंय. तरी आमच्याकडे शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडून ठसे घेतले जातात, आणि केळीला भाव नाही म्हणून रडकुंडीला आलेला बाप उधारी करून पैसे भरतो, कारण समोर टाय लावलेला माणूस ‘तुमच्या मुलाचं भविष्य’ म्हणतोय. संताप येतो.

योग्य प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञाने घेतलेली बुद्ध्यांक चाचणी उपयोगी पडते, तेही कबूल. पण तिचा जन्म कशासाठी झाला ते बघा. 1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्तीची मदत देता यावी म्हणून. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेला, न वाढणारा साठा, हे बिनेंना मान्यच नव्हतं. सराव, लक्ष, पद्धत यांनी ती वाढवता येते असं ते सांगत. त्याला 120 वर्षं उलटून गेली. आणि आम्ही अकरा वर्षांच्या पोराला लेखी देतोय की इकडे फिरकू नकोस.

लिहिता लिहिता बहिणीचा पुन्हा फोन आला. रिपोर्ट पोरानेही वाचलाय. जेवताना तिला विचारत होता, “माय, मी गणितं सोडी देऊ का?” ती काही बोलूच शकली नाही. मग मी त्याच्याशी बोललो. मिरचीची आठवण काढली, तर म्हणतो, “मामा, ते काय गणित थोडंच होतं!” बाळा, तेच गणित होतं रे. तुला तसं कुणी सांगितलं नाही, एवढंच.

उद्या सकाळी दहाला मी बहिणीसोबत शाळेत जातोय. मुख्याध्यापकांना लेखी विचारणार, परवानगी कोणी दिली, पैसे कुणाकडे गेले आणि परत कधी मिळणार. ज्यांच्या मुलांचे ठसे घेतलेत त्यांनी पावती घेऊन फाटकाजवळ यावं. पावती नसेल तर रिपोर्ट आणा. आणि तो मुलांच्या हाती लागू देऊ नका.