पेंट रिमूव्हर लावून गाडी उन्हात ठेवू नका

"जुना रंग निघत नसेल तर पेंट रिमूव्हर फासून गाडी दुपारभर उन्हात ठेवा, रंग आपोआप गळतो" हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. डब्यावर मेथिलीन क्लोराईड (रंग सोडवणारं रसायन) लिहिलेलं असेल, तर ते साधारण 40 अंशांनाच उकळतं. आपल्या उन्हाळ्यात पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो! रसायन रंगात मुरण्याआधीच उडतं आणि ती वाफ श्वासातून गेली की शरीरात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही.

सावलीत, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून थोड्या भागावर जाड थर द्या. रंग फुगला की ओला असतानाच खरवडा. प्लास्टिकच्या बंपरला अजिबात लावू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.