तिसऱ्या तासाची गाडी

नागोठण्याच्या पुढे एका टपरीवर बायकोने हेल्मेट काढलं, चहा घेतला आणि टपरीवाल्याला विचारलं, "दादा, इथून चिपळूणला एसटी किती वाजता मिळेल?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी काहीतरी बोलणार होतो, पण माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं आणि चहाचा ग्लास कसाबसा डाव्या हातात धरला होता. अशा अवस्थेत माणूस वाद घालत नाही.

माझी मोटरसायकल दिसायला मात्र एक नंबर होती. फुल फेअरिंग (पुढचं आणि बाजूंचं प्लास्टिकचं आवरण), खाली झुकलेलं क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कला बसवलेले दोन सुटे तुकडे), मागची सीट पोळपाटाएवढीही नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. ती ज्या कामासाठी बनली होती ते चोख करत होती. तिला घेऊन गणपतीला गावी निघालो होतो ते मी.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं, "टूरिंगला गाडी घ्यायचीय, कम्फर्ट पण पाहिजे आणि स्पोर्टी पण पाहिजे, कुठली घेऊ?" तिघांनाही फोनवर अर्धवट उत्तरं दिली. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

क्लिप-ऑन हँडल असलं की शरीराचं वजन मनगटांवर येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रेसवाले तासन् तास तसेच कसे बसतात, याचा विचार कुणी करत नाही. वेग वाढला की समोरचा वारा छातीला वर उचलतो आणि मनगटांवरचा भार हलका करतो. ती बैठक वाऱ्याच्या भरवशावर बेतलेली असते. आता मुलुंडहून निघा. ऐरोलीचा पूल, ठाणे-बेलापूर रोड, उरण फाटा, पनवेल, पळस्पे. या सगळ्यात तुमचा वेग तीस-चाळीस, सारखा हाफ क्लच, समोर कंटेनर. वारा कुठाय उचलायला? कर्नाळा येईपर्यंत सगळं वजन मनगटांनीच पेललेलं असतं.

त्यात आपल्या मुंबईकरांचं नशीब असं की सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे, जे जे गुळगुळीत ते ते दुचाकीला बंद. टोल भरायची तयारी असली तरी बंद. मग दीडशेचा टॉप स्पीड घेऊन पेणच्या आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये करायचं काय? आपल्या टूरमध्ये पहिले दोन तास गर्दी आणि शेवटचा तास गावाकडचा एकेरी, खडीचा रस्ता. मधे जे मिळेल ते बोनस. गाडी निवडायची ती या दोन टोकांसाठी, हे माझं मत. पटत नसेल तर खाली कमेंटमध्ये भांडा.

त्या टपरीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. मित्राची क्रूझर दोन दिवसांसाठी मागून आणली. ऐसपैस सीट, पाय पुढे, हँडल हाताशी. पनवेलपर्यंत राजा. पुढे खड्डे सुरू झाल्यावर लक्षात आलं की पाय पुढे असले की फुटरेस्टवर जोर देऊन बूड उचलताच येत नाही. प्रत्येक गचका थेट माकडहाडात. सोफ्यावर बसवून कुणीतरी खालून हातोडा मारतंय असं वाटतं. सीट मऊ आहे म्हणून भुलू नका. मऊ फोम तासाभरात दबतो आणि मग तुम्ही खालच्या पत्र्यावर बसल्यासारखे बसता. थोडी कडक आणि रुंद सीट शोरूममध्ये टोचते, पण महाडला पोचेपर्यंत तिचीच किंमत कळते.

मग स्पोर्टी म्हणजे काय? माझ्या लेखी स्पोर्टी म्हणजे पोलादपूर-खेडमधला कशेडी घाट. आता तिथे बोगदा झालाय, पण मी अजूनही वेळ असला की जुन्या घाटाने जातो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळण, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिल्या दिल्या गाडीने खेचलं पाहिजे, पुढचा ब्रेक दोन बोटांत हवा तेवढाच लागला पाहिजे आणि मागचा शॉकअप डबल सीटमध्येही डोलता कामा नये. एवढं असेल तर गाडी स्पोर्टी. त्यासाठी पोटावर झोपायची गरज नाही. माझ्या वयाच्या लोकांना २००३ची हिरो होंडाची करिझ्मा आठवत असेल. २२३ सीसी, अंगावर फेअरिंग, पण हँडल माणसासारखं बसता येईल इतपत वर. पोरं तिच्यावर लडाखला जाऊन आली. आज आपण ज्याला स्पोर्ट टूरर (स्पोर्टी, पण लांबच्या प्रवासाची गाडी) म्हणतो ते आपल्याकडे तेव्हाच होतं, फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं.

माझ्या यादीत शेवटी राहिल्या त्या गाड्या सांगतो. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, ४५२ सीसी, ४० पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप), १७ लिटरची टाकी. लांबच्या पल्ल्याला याहून काय हवं? पण वजन १९६ किलो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार आहे आणि गाडी रोज रिव्हर्समध्ये पायांनी ढकलत बाहेर काढायची असते. वॉचमन काका दोनदा मदतीला येतील, तिसऱ्यांदा मोबाइलमध्ये बघतील. त्यांचीच इंटरसेप्टर ६५०, दोन सिलिंडर, इंजिन लोण्यासारखं, आवाजावर तर मी फिदा, पण वजन पुन्हा २०० किलोंच्या वर. बजाजची डॉमिनार ४०० पैशांच्या मानाने भरपूर देते. ट्रायम्फची स्पीड ४०० एकट्याला पळवायला फार मजेची, पण मी एकटा जात नाही. घाटकोपर-अंधेरी रोजचं येणं-जाणं आणि वर्षातून चार टूर, एकाच गाडीने करायच्या तर रोजच्या तीनशे दिवसांचा विचार आधी करावा लागतो. लडाखच्या सात दिवसांसाठी गाडी घ्यायची आणि उरलेलं वर्ष तिला शिव्या घालायच्या, हे मी बऱ्याच जणांचं होताना पाहिलंय.

त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्या २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या, त्यावरच्या ४० टक्क्यांत गेल्या. म्हणजे ३५०च्या रेषेच्या अलीकडे राहिलात तर वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, जॅकेट आणि सॅडल बॅगा होतात. मी त्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे थांबलो. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, २५० सीसी.

हसणारे हसले. "एवढ्या मोठ्या अंगाला एवढंसं इंजिन?" ते इंजिन मुळात सुझुकीच्याच जिक्सर २५०चं, २६.५ पीएसचं, वरच्या आरपीएमला खुलणारं, म्हणजे स्वभाव स्पोर्टी. फक्त बैठक ताठ. वजन १६७ किलो, त्यामुळे वॉचमन काकांची गरज नाही. सीटची उंची ८३५ मिलिमीटर, हे मात्र आधी बघून घ्या. मी पाच फूट सात, माझे चवडे टेकतात, टाचा नाही. सामान लादून, मागे माणूस बसवून, उतारावर एका पायाने गाडी तोलून बघा आणि मगच ठरवा. हायवेला शंभरच्या पुढे ओव्हरटेक करताना गिअर पाडावा लागतो, हेही सांगून ठेवतो. मला चालतं. तुमचा सगळा प्रवास नागपूर-हैदराबादसारखा सरळ असेल तर नाही चालणार.

शोरूमची टेस्ट राइड म्हणजे सिग्नलपर्यंत जाऊन यू-टर्न. त्यात काय कळणार? पहिल्या दहा मिनिटांत सगळ्याच गाड्या आवडतात. मी हीच गाडी दोन दिवस भाड्याने घेतली आणि माळशेजला जाऊन आलो. सामानाच्या बॅगा बांधून, बायकोला मागे बसवून. तिला एकच सांगितलं होतं, गुडघा, पाठ, बूड, जे दुखेल ते दुखल्या दुखल्या बोल. मुरबाडला म्हणाली, "फुटरेस्ट बरोबर आहे, पण तू ब्रेक मारतोस तेव्हा माझं हेल्मेट तुझ्यावर आपटतं." तो माझ्या हाताचा दोष, गाडीचा नव्हे. टोकावड्याला मी मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोन घर वाढवला, परतीला आपटणंही कमी झालं. (डबल सीट आणि सामान असेल तर मागच्या टायरची हवाही वाढवायची असते. किती, ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही.)

त्याच ट्रिपला एक अद्दल घडली. डाव्या-उजव्या बॅगांपैकी उजवीचा पट्टा सैल राहिला आणि ती सायलेन्सरला टेकली. घाट चढेपर्यंत बॅगेला रुपयाएवढं भोक, आतल्या टॉवेलला त्याच मापाचा काळा डाग आणि वितळलेल्या प्लास्टिकचा वास. टॉवेल अजून घरात आहे, गाडी पुसायला.

या गणपतीला मुलुंड ते गुहागर त्याच गाडीने गेलो. पहाटे चारला निघालो, नागोठण्याला त्याच टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने ओळखलं नाही. बायकोने दोन चहा सांगितले आणि एसटीची चौकशी केली नाही.

मुलुंड-भांडुपकडच्या कुणाला बसून बघायची असेल तर रविवारी सकाळी या, चावी देतो. एकटे येऊ नका, तुमच्या मागे जे बसणार आहे त्यालाही घेऊन या. आणि पेट्रोल टाकून परत आणा.