खुलासा : गुकेशचा तो शेवटचा डाव
भारताचा डी. गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन यांच्या लढतीबद्दल फोंडा-म्हापशाच्या बुद्धिबळ ग्रुपांवर मेसेज फिरतोय : 'जगज्जेतेपदाच्या शेवटच्या डावात डिंग मुद्दाम हरला, नाहीतर काळ्या मोहऱ्यांनी गुकेश जिंकणं अशक्य.' हे खरं नाही. १२ डिसेंबर २०२४ चा, सिंगापूरमधला तो चौदावा डाव पटावर मांडून पाहा. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं. नेटक्या बचावाने बरोबरी सुटली असती, पण तासन्‌तास बचाव करणाऱ्याचाच हात चुकतो. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ या घरावर आणला, तीच चूक. हत्तींची अदलाबदल झाली, कोपऱ्यात अडकलेला डिंगचा उंटही अदलाबदलीत गेला आणि उरलेल्या प्याद्यांच्या खेळात काळा, म्हणजे गुकेश, सरळ जिंकत होता. चूक लक्षात येताच धक्का बसला, असं डिंगने स्वतः पत्रकार परिषदेत सांगितलं. खेळणारी मुलंही या ग्रुपांवर आहेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर काढून टाका.