खट्ट झालं की एक रेघ

मध्यंतरी पुण्यात एरंडवण्यातल्या एका कार्यालयात लग्न होतं. घरी आलो तेव्हा पाठीपेक्षा कान जास्त दुखत होते. पाठीचं नवल नाही. गळ्यात दोन कॅमेरे, एकाला २४-७० मिलिमीटरची लेन्स, दुसऱ्याला ७०-२००ची. ती मोठी लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास भरते. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत हा संसार गळ्यात अडकवून होमाच्या धुरात उकिडवं बसलं की पाठ बोलणारच. कान मात्र पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी दुखवले.

मुलीचे थोरले काका. नोकरीभर हिशेबात गेलेला माणूस, हे ओळख करून द्यायच्या आधीच कळलं. खिशाला पेन्सिल, हातात उरलेल्या तीन लग्नपत्रिका, मागची बाजू कोरी. साडेनवाला नवरी गौरीहराशी बसली, मी पहिला फोटो काढला आणि मागून आवाज आला, "एक."

मला वाटलं, आहेराची पाकिटं मोजतायत.

दुसरा काढला. "दोन." तिसरा काढला. "तीन." वळून पाहिलं तर पत्रिकेच्या पाठीवर रेघा पडत होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी.

"काका, काय मोजताय?"

"तुमचे फोटो. अल्बममध्ये किती लावणार आहात?"

"दोनशे."

"आणि काढणार किती?"

खरं सांगायची खोड मला नडते. म्हणालो, "सात-आठशे तरी होतील."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "म्हणजे सहाशे वाया. वाया जाणाऱ्या मालाचे पैसे गिऱ्हाइकानं का द्यायचे?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. फोटो काढणं म्हणजे गहू दळणं नव्हे, एकाच क्षणी चौघांपैकी एकाचे डोळे मिटलेले असतात, एकाचं तोंड उघडं असतं आणि एक आत्या मोबाइल घेऊन मध्ये आलेली असते, वगैरे. पण तेवढ्यात नवरीनं मान वर केली आणि मी खट्ट केलं. "चार," काका म्हणाले.

तसा मला त्यांचा राग धरता येईना, कारण ते कुठून बोलत होते ते मला ठाऊक आहे. मी हे काम शिकलो तेव्हा रोल असायचा. छत्तीसचा रोल. नीट भरला तर सदतिसावा फोटो निघायचा आणि आमचे गुरू त्या सदतिसाव्यावर पेढा मिळाल्यासारखे खूश व्हायचे. एका लग्नाला चार रोल म्हणजे श्रीमंतीचं लग्न. बोट चुकून दाबलं गेलं तर गुरू "गेला एक!" असं म्हणायचे आणि संध्याकाळपर्यंत बोलायचे नाहीत. काकांच्या डोक्यात अजून तोच रोल फिरतोय. आता कार्डात हजारो मावतात आणि माझ्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिला जातो, एक मेलं तर दुसरं हाताशी. हे मी काकांना सांगितलं नाही. दुप्पट आकडा धरला असता.

मग मी हुशारी केली. कॅमेऱ्यात आवाज बंद करायची सोय आहे, ती चालू केली. पाच मिनिटं शांततेत गेली. मागून खांद्यावर टकटक.

"बिघडला का?"

"नाही काका, बिनआवाजी आहे."

"आवाज नाही तर फोटो निघाला हे कशावरून?"

दाखवायला स्क्रीन पुढे केली आणि माझंच तोंड पडलं. नवरीच्या शालूवर आडवे पट्टे. बिनआवाजी शटर चित्र ओळीओळीनं वाचतं आणि मांडवातले एलईडी दिवे डोळ्याला दिसत नाही इतक्या वेगानं उघडझाप करतात. त्या दोघांचं पटत नाही. शिवाय त्या सोयीत माझा फ्लॅशही पेटत नाही. हे सगळं मला माहीत होतं, तरी एका पेन्सिलीपायी मी विसरलो. (आणि ते दिवे! गेल्या काही वर्षांत सजावटवाल्यांना जांभळ्या रंगाचं काय वेड लागलंय देव जाणे. नवरी साखरपुड्याला माणूस दिसते, लग्नात जांभूळ. आणि नंतर विचारणा मला, की रंग असा का आला.)

काका पट्ट्यांकडे बराच वेळ बघत राहिले. "हे धरायचे नाहीत ना?"

"नाही. पुसूनच टाकतो."

"मग आवाज सुरू करा."

केला. फ्लॅश लावल्यावर त्यांची पद्धत सुधारली. नुसता आवाज झाला तर बारकी रेघ, उजेड पडला तर जाड. फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात आणि मी तपकीर गल्लीतून आणलेले जादा संच खिशात घेऊन फिरतो. मधेच सेल बदलले तर काकांनी त्याचीही समासात नोंद केली.

मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, त्यातही एका मावशींनी स्वतः रचलेलं अकरा कडव्यांचं. मी टाचा उंचावून तयार. हा क्षण एकदाच येतो. गुरुजींना "परत एकदा ओढा हो" म्हणता येत नाही. तिथं मी कॅमेरा सलग सोडतो, सेकंदाला दहा. तदेव लग्नं झालं, अंतरपाट सरकला, वाजंत्री सुरू, अक्षतांचा मारा, त्यातले चार दाणे थेट माझ्या लेन्सच्या तोंडावरच्या हुडात, आणि माझं बोट दाबलेलं, तडतडतडतड...

आणि बाही ओढली गेली.

"अहो फोटोग्राफर! सावकाश! एकेक काढा, मोजता येत नाहीये!"

नवरी हार घालतेय, आई डोळे पुसतेय, करवली हसतेय, आणि मी काकांना सांगतोय, "काका, अडतीस. अडतीस झाले." त्यांनी शांतपणे सात गठ्ठे आणि तीन रेघा ओढल्या. हार गळ्यात पडतानाचा फोटो माझ्याकडे आहे, पण थोडा तिरका. बाही ज्या बाजूला ओढली त्या बाजूला.

पुढे कानपिळी झाली. नवरदेवाचा कान पिळला गेला, पण पिळवटलेला चेहरा माझा होता.

पंगत बसली, उठली, दुसरी बसली. फोटोग्राफरनं शेवटच्या पंगतीला बसायचं हा अलिखित नियम आहे आणि शेवटच्या पंगतीला जिलबी नसते हा दुसरा. मी मठ्ठा-भातावर आलो तोच काका शेजारच्या खुर्चीत.

"माझे ६४२. तुमचे?"

एका हातानं कालवत दुसऱ्या हातानं दोन्ही कॅमेरे दाखवले. एकात ४११, दुसऱ्यात २३५.

"६४६," काका म्हणाले. "चार जास्त. हे केव्हा काढले?"

"तुम्ही मोजायला लागायच्या आधी. उजेड तपासायला."

"म्हणजे तपासणी आमच्या खर्चानं?"

घास घशात अडकला. ते चारही फोटो मी त्यांना उघडून दाखवले. भिंत. झुंबर. माझ्या मदतनीसाची जांभई. चौथ्यात काका होते. रिकाम्या मांडवात, पहिल्या रांगेत एकटेच, टोपी गुडघ्यावर ठेवून वर झुंबराकडे बघणारे. खिडकीतून तिरपा उजेड आला होता. दिवसभरातला सगळ्यात बरा फोटो तोच, हे कबूल करायला मला आजही जड जातं.

काकांनी चष्मा पुसून परत पाहिला.

"पहिले तीन पुसा. हा राहू द्या."

"बरं."

"हिशेबात धरू नका."

या गोष्टीला बारा दिवस झाले. निम्मे पैसे अजून यायचेत. काल मुलीच्या वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "देतो हो, दादांकडे पत्रिका आहेत, ते एकदा बेरीज तपासतायत."