लीथची आजी आणि माझी कंबर

माझी कंबर छत्तीस इंच आहे. निदान माझ्या सगळ्या पँटींचं तरी तसं म्हणणं आहे. गेल्या शनिवारी मात्र एडिंबऱ्याच्या बंदराकडच्या लीथमध्ये किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार घागरा, शिवणाऱ्या एका बाईंनी टेप गुंडाळली आणि वहीत लिहिणाऱ्या पोरीला ऐकू जावं म्हणून भर दुकानात खणखणीत आवाजात पुकारलं, "बेचाळीस!"

"अहो, छत्तीस," मी म्हणालो.

"पँट जिथे अडकते ती कंबर नव्हे. किल्ट बेंबीपाशी बांधतात."

आता बेंबीच्या पातळीवर पन्नाशीच्या मराठी माणसाचं काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आम्ही पट्टा त्याच्या खालून नेतो आणि वरच्या ऐवजाची कुठे नोंद ठेवत नाही.

हा उपद्व्याप मुलीच्या लग्नासाठी. जावई स्कॉटिश, त्याचे वडील, काका, मावसभाऊ, झाडून सगळे किल्टमध्ये येणार. "बाबा, भाड्याने मिळतो हो," असं मुलगी सांगत होती. पण मुलीचा बाप उसन्या कपड्यांत उभा राहणार? छे!

आधी रॉयल माइलवर, म्हणजे एडिंबऱ्यातल्या पर्यटकांच्या रस्त्यावर, गेलो होतो. तिथे दर चार पावलांवर किल्टचं दुकान आणि दर दुकानात कानठळ्या बसवणारं बॅगपाइप. काउंटरवरच्या पोराने पहिला प्रश्न विचारला, "किती दिवसांसाठी आलात?" माझी मुलगी याच शहरात जन्मली, इथला कौन्सिल टॅक्स मी भरतो, आणि हा मला परतीची तारीख विचारतोय. मग त्याने आडनाव विचारलं, कारण टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडावरची चौकटींची नक्षी, आडनावावरून शोधतात. 'कुलकर्णी' संगणकात घातलं, संगणक गप्प. "इंडिया ना? मग सिंग टार्टन आहे की!" सिंग टार्टन खरोखरच आहे आणि ते ज्यांनी काढलं त्या सरदारजींबद्दल मला आदरच आहे. पण कुलकर्ण्याने ते काय म्हणून नेसावं? शिवाय कापड अॅक्रिलिकचं, हात लावला तर चटचट ठिणग्या. बाहेर पडलो आणि ठरवलं, आपल्या भागातलाच, हाताने शिवणारा माणूस गाठायचा.

तर लीथ. त्या दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, मांडीवर नवऱ्याचा जुना किल्ट. नवरा गेला, आता नातवाच्या मापाने पट्टे सरकवून हवे होते. खरा लोकरी किल्ट असा दोन-तीन पिढ्या चालतो. माझ्या पोटाभोवती टेप फिरत असताना त्या एकटक बघत होत्या.

"श्वास सोड, पोरा," त्या म्हणाल्या. "लग्नात जेवायचंय ना तुला?"

मी सोडला. बेचाळीसचे साडेबेचाळीस झाले.

टार्टन निवडायची वेळ आली तेव्हा मी तयारीने गेलो होतो. या कुळाचं हे टार्टन, त्या कुळाचं ते, ही वाटणी बरीचशी एकोणिसाव्या शतकातली, हे वाचून ठेवलं होतं. 1746 च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या या पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली, आणि 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्यात आला तो कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने रचलेल्या सोहळ्यात, किल्टखाली गुलाबी तंग विजार घालून. तोही चांगला ढेरपोट्या होता. त्याचं माप कुणी ओरडून सांगितलं नसावं. हे सगळं मी आजींना ऐकवलं.

"असेल बाबा," त्या म्हणाल्या. "मी काही तेव्हा नव्हते."

मग मी किल्टवाल्या बाईंना सांगितलं, मला एडिंबरा टार्टन हवं. शहराच्या नावाचं, 1970 च्या कॉमनवेल्थ खेळांच्या वेळचं. कूळबीळ काही लागत नाही, इथे राहतो एवढं पुरे.

आजी ताठ झाल्या. "राहतोस कुठे?"

"इथेच. फेरी रोडला."

"म्हणजे लीथ. आणि नेसणार एडिंबरा?"

"आजी, लीथ एडिंबऱ्यातच येतं ना?"

दुकानातली कात्री थांबली. वहीवाल्या पोरीने मान खाली घातली. बहुधा हे तिने आधी ऐकलं असावं.

"लीथ एडिंबऱ्यात घालायचं का, यावर 1920 साली मत घेतलं होतं," आजी म्हणाल्या. "विलीनीकरणाच्या बाजूने 5,357. विरोधात 29,891. तरी गिळलं आम्हाला! त्यांच्या ट्रामा दोराने ओढलेल्या, आमच्या विजेच्या. हद्दीवर, पिलरिगला, उतरून गाडी बदलावी लागायची. पुढे कोण होतं, सांग?"

"लीथ," मी म्हणालो.

"आणि तू त्यांचं फडकं कमरेला लावणार! लेकीच्या लग्नात!"

इतकी वर्षं या देशात मला 'तू मूळचा कुठला' असं विचारलं गेलं. त्याचं उत्तर पाठ आहे. 'लीथचा असून असं कसं करतोस' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी मुकाट्याने ब्लॅक वॉच सांगितलं. ते पलटणीचं, कुणीही नेसावं. आजींनी मान डोलावली. त्यांचा नवरा त्याच पलटणीत होता म्हणे.

पुढचं सगळं नुकसानच. सोळा औंसाची लोकर, आठ वार. मागच्या एकेका चुणीत टार्टनची चौकट अखंड जुळवत हातशिलाई. किंमत सहाशे पौंडांच्या वर, निम्मे आगाऊ, थांबायचं तीन महिने. या काळात वजन वाढवायचं नाही आणि घटवायचंही नाही, अशी सक्त ताकीद. स्पोरन, म्हणजे पुढे लोंबणारा बटवा, वेगळा. मोजे वेगळे, मोज्यांचे बंद वेगळे, बूट वेगळे. मोज्यात खोचायची सुरी तर मी घेतलीच नाही. लग्नात विहिणीसमोर सुरी कशाला?

घरी फोन केला. बायको म्हणाली, "आठ वार? आमच्या आजी नऊ वार नेसून रानात जायच्या, शिंप्याला दमडी न देता. रंग कुठला घेतलात?"

"गडद निळा, गडद हिरवा आणि काळा."

"लांबून काळाच दिसणार मग. तसली पँट आहे की तुमच्याकडे!"