पातळ कागदाची डायरी आणि तुमचं भारीतलं पेन

घेतला का एकदाचा प्लॅनर? बरं झालं. आता त्याची वाट लावायला नेमकं कुठलं पेन आणि कुठली शाई घ्यायची हे कुणी नीट सांगत नाही, जो तो आपला रंग आवडला म्हणून पेन घेतो आणि मग नशिबावर सोडतो, म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, कागद एवढा पातळ का असतो ते समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. समजलं की माणूस कागदाशी नीट वागायला लागतो. दिवसाला एक पान म्हटलं तर 365 पानं, म्हणजे 183 कागद. ए-फाइव्ह, म्हणजे ए-फोरच्या अर्ध्या साईझमध्ये 80 जीएसएमचा कागद घातला तर नुसत्या कागदाचंच वजन साडेचारशे ग्रॅम होतं, आणि 52 जीएसएमचा घातला की तेच तीनशेच्या आत बसतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते, बाकी काही नाही. झेरॉक्सचा कागद साधारण 70-75 चा असतो. तर बॅगेत मावावं म्हणून बिचाऱ्यांनी कागद पातळ केला, त्यात तो तोमोए रिव्हर नावाचा 52 जीएसएमचा जपानी कागद तर असा बनवलाय की शाई आत मुरायच्या ऐवजी वरच बसून राहते, आणि तुम्ही त्यावर लिहिणार कशानं, तर पार्सलच्या खोक्यावर पत्ता घालायच्या मार्करनं. छान. मार्करच्या शाईत स्पिरिटसारखा द्रव असतो, त्याला कुठलाच कागद अडवू शकत नाही, सोमवारचं काम मंगळवारच्या पानावर उमटतं आणि तिथनं बुधवारला जातं, तीन दिवसांचं प्लॅनिंग एका फटक्यात.

सांगलीकरांना हे समजावून सांगायला सोपं आहे. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 40 फुटावर आलं की इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी, हे इथं शेंबडं पोरगंपण सांगतं. तसंच पानाचं. मागच्या बाजूला अक्षरांची नुसती सावली दिसत असेल तर ती इशारा पातळी, पातळ कागदाला एवढं होणारच, त्याला कुणी घर सोडत नाही. पण शाईचे ठिपके खरोखर पलीकडं उतरले की धोका पातळी, मग ते पान मागनं वापरता येत नाही. जाणकार मंडळी पहिल्याला चालवून घेतात आणि दुसऱ्याला टाळतात. तुम्ही उलटं करायचं, सावली दिसली की दुकानदाराला फोन करून तावातावानं भांडायचं आणि शाई पलीकडं उतरली की म्हणायचं, असूदे, आपलं पेनच जोरात चालतंय.

पेन घ्यायला सांगलीच्या हरभट रोडला गेलात की टेस्ट कुठं करायची? दुकानदाराच्या त्या जाड पॅडवर. काउंटरवर पॅड असतंच, त्यावर गावातल्या निम्म्या लोकांच्या सह्या आणि उरलेल्यांचे श्री असतात. तिथं प्रत्येक पेन मख्खनसारखं चालतं. चुकूनसुद्धा आपल्या प्लॅनरचं मागचं एखादं कोरं पान सोबत नेऊन त्यावर दोन ओळी लिहून, अर्धा मिनिट थांबून, पान उलटून बघू नका. फुकटात आणि दोन मिनिटात उत्तर मिळालं तर मग घरी आल्यावर करायचं काय. प्लॅनरला शेवटी चार कोरी पानं दिलेली असतात ती धोब्याचा हिशोब लिहायला असतात असं समजा, आणि नवीन पेनाचा पहिला प्रयोग थेट 1 जानेवारीच्या पानावर करा, वर मध्यभागी श्री लिहून. देवाचं नाव पलीकडं उमटलं तर अपशकुन कसला, उलट 2 तारखेला पण श्री.

आता फाउंटन पेन. हे घ्यायचंच, कारण मीटिंगमध्ये टोपण फिरवून उघडताना जो आवाज न होता एक रुबाब होतो तो बॉलपेनच्या टिकटिकमध्ये नाही. फक्त निब घेताना जाडातली जाड घ्या. जपानी निबा एका मापानं बारीक असतात, म्हणजे त्यांची एफ (बारीक) साधारण जर्मन ईएफच्या (अतिबारीक) जवळ जाते, त्यामुळं शाई कमी सुटते आणि पातळ कागदावर नीट राहते, म्हणून त्या तर बघायच्याच नाहीत. जर्मन बनावटीची एम (मध्यम) किंवा बी (जाड), आणि जमलं तर बोरूसारखी सपाट कापलेली स्टब. देवनागरी काय दिसते म्हणून सांगू! शिरोरेघ ओढली की ओली चकचकीत, आणि मराठीत प्रत्येक शब्दाला शिरोरेघ, म्हणजे इंग्रजीवाल्यानं ओळीत जेवढी शाई सांडली त्यावर तुमचं वरनं एक अख्खं छप्पर. हे गणित परदेशातल्या पेनांच्या रिव्ह्यूत कुणी सांगत नाही, तिकडच्या लोकांना शिरोरेघ माहीतच नसते, ते a b c d लिहून दाखवतात आणि म्हणतात बघा शाई फुटत नाही, आणि आपण त्यावर विश्वास ठेवून 'वैशिष्ट्यपूर्ण' लिहायला जातो. त्यात होबोनिची नावाच्या जपानी प्लॅनरमध्ये, तोही ए-सिक्स म्हणजे ए-फाइव्हच्या अर्धा, चौकट 3.7 मिलिमीटरची. वर रफार, वेलांटी, खाली उकार, मध्ये ष्ट्य. 0.7 मिलिमीटरच्या टोकानं हे लिहिलं की अक्षर न दिसता एक निळी मुंगी चिरडल्यासारखी दिसते, पण तुम्ही म्हणायचं शॉर्टहँड आहे.

शाई निवडताना रंगावर जा. बाटलीवर काय लिहिलंय त्यापेक्षा ती शाई किती ओली चालते हे महत्त्वाचं असतं, एकाच पेनात एक शाई मागं उमटते आणि दुसरी गपगुमान बसते, पण हे वापरूनच कळतं आणि आपल्याला तेवढा वेळ कुठाय. चमकी घातलेली घ्या. पानभर भिजेल इतकी ओली घ्या. एक मात्र टाळा, ती जुन्या पद्धतीची लोह आणि टॅनिनची शाई, रजिस्टरमध्ये वापरायचे ती. लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी पडत जाते, जरा कोरडी चालते म्हणून पातळ कागदावर सहसा फुटत नाही आणि वर पाणी पडलं तरी अक्षर बऱ्यापैकी टिकतं. (आपल्याकडं हेच काम हिरड्यानं आणि हिराकसानं व्हायचं, आणि हिरडा जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात आजही गोळा करतात, पण आपण जर्मनीवरनं मागवतो, जाऊदे.) असली शाई सांगलीत वापरायची म्हणजे काय, जिथं 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तिथं पाण्यात टिकणारी शाई? छे. आपल्याला धुवून जाणारी फिकट गुलाबी पाहिजे. खरं सांगायचं तर या शाईचा एक दुर्गुण आहे, पेनात तशीच सुकू दिली तर साध्या स्टीलच्या निबेला गंज चढवते, पेन अधनंमधनं धुवावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, घरच्यांनी विचारलं की कामाला येतो.

शाईवरनं आठवलं, आपल्या दांडेकरांनी 1931 ला शाईच्या पावडरी आणि गोळ्या विकून धंदा सुरू केला, त्याचं पुढं कॅमलिन झालं, आणि 2011 ला जपानच्या कोकुयोनं त्यात मोठा हिस्सा घेतला. म्हणजे दप्तरात निळे डाग पाडणारा आपला उंटसुद्धा आता अर्ध्याहून जास्त जपानी आहे. तरी तुम्ही म्हणणार मला जपानी शाईच पाहिजे आणि तीस मिलीची बाटली ऑनलाईन मागवणार. मागवा की. अडवलंय कुणी.

फाउंटन पेन परवडत नसेल तर द्रव शाईचा रोलरबॉल घ्या, तोच तो काचेसारखी खिडकी असलेला ज्यात शाई हलताना दिसते. जाड कागदावर फार चांगलं पेन, परीक्षेत पोरं त्याच्यावर जीव टाकतात. पातळ पानावर मात्र टोक टेकवून जरा विचार करत थांबलात की तिथं एक ठिपका वाढत जातो, आणि प्लॅनरमध्ये लिहिताना माणूस विचार करतोच, 'बँकेत जाणे' लिहून झालं की 'कधी' हे लिहायच्या आधी बराच वेळ जातो. त्या ठिपक्यांवरनं पुढं कळतं की कुठल्या कामाला तुम्ही किती घाबरला होता.

ज्यांचे प्लॅन सारखे बदलतात त्यांच्यासाठी खोडता येणारं पेन आहे, फ्रिक्शन. रबरानं घासलं की घर्षणाची उष्णता तयार होते आणि साठेक अंशाला शाई रंग सोडते. जेल आहे, बारीक टोकाचं मिळतं, पातळ कागदावर ठीक चालतं, म्हणजे आपल्या दृष्टीनं बेकार. पण त्याचा खरा उपयोग मे महिन्यात. प्लॅनर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा, काचा बंद, गाडी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या वेळी भर उन्हात लावायची आणि दोन तासांनी यायचं. डॅशबोर्ड काय तापतो हे तुम्हाला सांगायला नको. येणी-देणी, लग्नाच्या तारखा, डॉक्टरची वेळ, सगळी पानं कोरी. मन किती हलकं होतं बघा. काही चिकट लोक मग म्हणतात की शून्याखाली दहा-वीस अंशाला गेलं की शाई परत दिसते, आणि हे खरंय, दिसते, पण त्यासाठी प्लॅनर घेऊन आईस्क्रीमवाल्याकडं जायचं आणि म्हणायचं, दादा, हे जरा तुमच्या डीप फ्रीझरमध्ये कुल्फीशेजारी ठेवता का, मला 14 तारखेला काय होतं ते बघायचंय. आणि त्यात गंमत अशी की तुम्ही मुद्दाम खोडलेलंपण सगळं वर येतं.

लिहिताना बाजूला भडंगाची वाटी पाहिजेच. हाताचं तेल कागदाला लागलं की तिथं शाई धरत नाही, तुटक तुटक उमटते, आणि पातळ कागदाला तेल लागलं की तो पतंगाच्या कागदासारखा आरपार दिसायला लागतो, म्हणजे पान न उलटता पुढचा आठवडा वाचता येतो. हाताखाली साधा कागदाचा तुकडा ठेवला तर हे होत नाही, पण तो ठेवायचा नाही. टिपकागदपण नाही. गुळगुळीत कागदावर शाई वाळायला वेळ घेते, वीस-तीस सेकंद सहज, आणि तेवढ्यात आपण पान मिटायचं. समोरच्या पानावर उलट्या अक्षरात कॉपी मिळते, आरशात वाचावी.

हायलायटरबद्दल एवढंच, की वाळायच्या आधी मारा.

पावसाळ्यात बोनस आहे. कागद हवेतला ओलावा ओढतो आणि जानेवारीत सरळ वागणारी शाई जुलैत फुटायला लागते. साताऱ्याकडची, त्यातनं मेढ्याच्या वरची, धो-धो पावसातली मंडळी यात नशीबवान.

आता फुकटच्या डायरीबद्दल. पतसंस्थेची, कारखान्याची, खताच्या दुकानाची. तिला कमी समजू नका, तिचा कागदपण पातळ असतो, फक्त जपान्यांसारखा वरनं लेप दिलेला नसतो, त्यामुळं इथं शाई वर बसत नाही, आडवी पसरते, अक्षराला मिशा फुटतात. पण प्रत्येक अशा डायरीत सुरुवातीला काही पानं एकदम जाड, गुळगुळीत, आर्ट पेपरची असतात, त्यावर कुठलंही पेन मागं उमटत नाही. त्या पानांवर चेअरमनसाहेब, व्हाईस चेअरमनसाहेब आणि संचालक मंडळाचे फोटो छापलेले असतात. तेवढीच तुमच्या लायकीची पानं, आणि तिथं लिहायला जागा नाही. अख्ख्या डायरीला चांगला कागद वापरला असता तर खर्च वाढला असता, आणि सभासदांचे पैसे असे वाया घालवणं संचालक मंडळाला कसं पटणार.

यावर कुणीतरी शहाणा येऊन सांगेलच की अहो, 0.38 किंवा 0.5 चं साधं जेल घ्या, किंवा बॉलपेन वापरा, त्याची शाई तेलाची आणि घट्ट असते, ती कागदात पसरत नाही की पलीकडं जात नाही, फक्त दाबून लिहू नका नाहीतर मागं नक्षी उठते, आणि पानाखाली एक प्लास्टिकचा पुठ्ठा सरकवला की तेपण होत नाही, दहा रुपयात काम. अशा माणसाशी वाद घालू नका. त्याला नम्रपणे विचारा की दहा रुपयांचं पेन तू खिशाला लावून लग्नाला जाशील का? गप होतो.

मी स्वतः बऱ्याच पतसंस्थांच्या काउंटरवर पाहिलंय, पातळ कागदावर सगळ्यात स्वच्छ कुठलं पेन चालत असेल तर ते स्लिपा भरायला ठेवलेलं, टोपण हरवलेलं, सुतळीनं ग्रिलला बांधलेलं बॉलपेन. स्लिप अगदी पतंगाच्या कागदाची, तरी मागं एक टिपूस नाही. तुम्हाला अगदीच हौस असेल तर प्लॅनर घेऊन तिथं जाऊ शकता, सुतळी वीतभर असते म्हणून जरा वाकून लिहावं लागेल, मागं पेन्शनवाल्या आजोबांची लाईन असेल, आणि दीड ते अडीच जेवायची सुट्टी.